शिंका, धूळ आणि प्युरिफायर : वाचकांचे प्रश्न

घरातल्या अ‍ॅलर्जीबद्दल प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची होती : घरातली हवा गाळणारा प्युरिफायर घ्यावा का आणि कोणता. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. सकाळी उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा सुरू होतो, नाक चोंदतं, डोळे चोळून लाल करते. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी सांगितली आहे. तिची खोली १० बाय १२ची. दुकानात प्रत्येक यंत्र '४०० चौरस फुटांसाठी' म्हणून दाखवतात. १५ हजारांपर्यंत घ्यायचं तर काय पाहावं? (इंदिरानगर)

उत्तर : चौरस फुटांचा आकडा सोडून द्या. खोक्यावर 'सीएडीआर' शोधा. यंत्र तासाला किती घनमीटर गाळलेली हवा देतं, याचं ते माप. तुमच्या खोलीची उंची १० फूट धरली तर आत १२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा आहे. अ‍ॅलर्जी असलेलं माणूस झोपतं त्या खोलीतली हवा तासाला पाच वेळा तरी गाळली जावी, असा हिशेब धरतात. ३४ गुणिले ५, म्हणजे १७०. काही यंत्रांवर हा आकडा घनफूट प्रति मिनिट असा छापतात, त्याला १.७ने गुणलं की घनमीटर प्रति तास मिळतो.

तरीही १७०चं यंत्र घेऊ नका. छापलेला सीएडीआर सगळ्यात वरच्या वेगावर मोजलेला असतो. त्या वेगाला ५० ते ६० डेसिबल आवाज होतो, मुलीला झोप लागत नाही आणि दोन रात्रींत घरचे वेग खाली आणून ठेवतात. 'स्लीप' या सर्वांत मंद वेगावर तेच यंत्र छापील आकड्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकीच हवा देतं. म्हणून ३०० ते ३५० सीएडीआरचं घ्या आणि रात्रभर मधल्या वेगावर ठेवा. तुमच्या रकमेत ते बसतं.

'४०० चौरस फूट' कुठून येतं तेही पाहू. १० फूट उंचीच्या ४०० चौरस फुटांत ११३ घनमीटर हवा असते. २५० सीएडीआरचं यंत्र तिथं लावलं तर तासाला जेमतेम दोन फेरे होतात. धूर थोडा कमी व्हायला तेवढं चालेल, शिंका थांबायला नाही. हा फरक दुकानात कुणी सांगत नाही आणि लोक मोठ्या हॉलसाठी लहान यंत्र घेऊन जातात, याचं आम्हाला वाईट वाटतं.

फिल्टरवर 'हेपा एच १३' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडकवणारा दाट फिल्टर, एच १३ हा त्याचा दर्जा. पकडायला सर्वांत अवघड आकाराचे कणही त्यात ९९.९५ टक्के अडकतात. 'हेपासारखा', 'हेपा टाइप' अशा शब्दांना काही मोजमाप नाही. उलट, त्याच्या वरच्या दर्जाच्या एच १४ साठी जादा पैसे मोजायची घरात गरज नाही. तेच पैसे जास्त सीएडीआरवर घाला. बदली फिल्टरची किंमत आणि तो नाशिकमध्ये मिळतो की मागवावा लागतो, हे यंत्र घेण्याआधी विचारा. फिल्टर तीन हजारांचा असेल आणि वर्षाला बदलावा लागला, तर तीन वर्षांत दोनदा बदलून सहा हजार त्यात जातात.

यंत्र पलंगापासून तीन ते सहा फुटांवर, भिंतीपासून फूटभर पुढं, पडद्याआड किंवा कपाटाच्या कोपऱ्यात न खुपसता ठेवा. वारा थेट तोंडावर नको. झोपण्याआधी तासभर दार-खिडक्या लावून वरच्या वेगावर चालवा, मग मधल्यावर आणा. रात्री दार किंचित किलकिलं राहिलं तर चालेल. पूर्ण बंद खोलीत दोघं-तिघं झोपले की हवा कोंदट होते आणि प्युरिफायर कार्बन डायॉक्साइड काढत नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. उठल्या उठल्या येणाऱ्या शिंका बऱ्याचदा अंथरुणातल्या माइटमुळे असतात. हे धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे. तसं असेल तर एकट्या यंत्रानं भागणार नाही. पुढचं उत्तर त्यासाठी वाचा, आणि अ‍ॅलर्जी नेमकी कशाची आहे ते त्वचेवरच्या चाचणीनं कळतं का, हे डॉक्टरांना विचारा. चाचणीआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, ते मात्र त्यांच्या सल्ल्यानंच करा.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी चांगल्या कंपनीचं यंत्र घेतलं. ऑटोवर असतं, दिवा कायम हिरवा. माझ्या शिंका तशाच आहेत. यंत्र खराब आहे का? (गंगापूर रोड)

उत्तर : आधी मागचं झाकण उघडून फिल्टर बाहेर काढा. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आहे का पाहा. नवा फिल्टर पिशवीत बंद करून यंत्रात बसवलेला येतो, ती न काढताच यंत्र चालू करणारे खूप आहेत. पंखा फिरतो, दिवा लागतो, आवाज येतो, हवा मात्र गाळली जात नाही.

पिशवी नसेल तर दोष ऑटोचा. यंत्रातला सेन्सर बारीक कण मोजतो : धूर, गाडीची काजळी, फोडणीचा धूर. परागकण आणि माइटची विष्ठा हे १० मायक्रॉनच्या पुढचे जाड कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते सेन्सरला नीट दिसतच नाहीत. गादी झटकली तरी दिवा हिरवाच, आणि ऑटो पंख्याला सर्वांत खालच्या वेगावर ठेवतो. अ‍ॅलर्जीसाठी घेतलेलं यंत्र ऑटोवर ठेवू नका, मधला वेग हातानं लावा. दर दोन महिन्यांनी सेन्सरची बारीक खिडकी कोरड्या कापसाच्या काडीनं पुसा. दमट हवेत, ह्युमिडिफायर चालू असताना किंवा डिओ मारल्यावर दिवा लाल झाला तर घाबरू नका, पाण्याचे किंवा स्प्रेचे थेंबही त्याला धूळच वाटतात.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर कण किती वेळ हवेत राहतात ते पाहावं लागेल. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दहाएक मिनिटांत खाली बसतो. अडीच मायक्रॉनचा तासन् तास तरंगतो. यंत्र फक्त तरंगणारंच ओढू शकतं. मांजराच्या अंगावरचा अ‍ॅलर्जी आणणारा घटक बारीक कणांवर असतो, बुरशीचे पुष्कळ बीजाणू लहान असतात, धूर तर सर्वांत बारीक. तिथं यंत्राचा उपयोग होतो. माइटचं घर म्हणजे गादी, उशी, गोधडी, सोफा. तुम्ही कूस बदलली की धूळ नाकाशी उडते आणि यंत्रापर्यंत पोचण्याआधी श्वासात जाते.

म्हणून अंथरुणापासून सुरुवात करा. चादरी, अभ्रे आणि पातळ गोधड्या आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. कोमट पाण्यात माइट मरत नाहीत. वॉशिंग मशीनवर ६० अंश नसेल तर गीझरच्या गरम पाण्यात भिजवून मग मशीनला लावा, पण गीझरचं पाणी ६० अंशांना पोचतं का ते एकदा थर्मामीटरनं पाहा. उशी आणि गादीला चेन असलेलं, दाट विणीचं माइट-रोधक कव्हर घाला आणि ते वर्षभर काढू नका, फक्त ओल्या फडक्यानं पुसा. जाड, धुता न येणारी आजीची गोधडी वापरात ठेवायचीच असेल तर ती अंगावर घेऊ नका, कव्हरखाली घाला. कापसाची गादी पिंजून घ्यायची असेल तर गच्चीवर किंवा अंगणात, आणि अ‍ॅलर्जी असलेलं माणूस त्या दिवशी घराबाहेर. पोरांची मऊ खेळणी पिशवीत बांधून दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग धुवा. गारठ्यानं माइट मरतात, धुण्यानं त्यांची विष्ठा जाते, म्हणून दोन्ही पायऱ्या लागतात.

झाडू मारल्यावर अर्धा तास त्या खोलीत जाऊ नका. जमलं तर झाडूऐवजी ओलं फडकं. पंख्याची पाती महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं, उशीची जुनी खोळ पात्यावर चढवून पुसा, म्हणजे धूळ खोळीत पडते.

प्रश्न : पंचवटीत जुन्या वाड्यात तळमजल्याला राहतो. पावसाळ्यात भिंतींना काळे डाग आणि कुबट वास. आईला दम्याचा त्रास आहे. प्युरिफायरनं वास आणि बुरशी जाईल का? (पंचवटी)

उत्तर : नाही. तरंगणारे बीजाणू यंत्र काही प्रमाणात पकडेल, पण भिंत ओली असेपर्यंत बुरशी रोज नवे सोडत राहील. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. डाग जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत असतील तर जुन्या दगडी जोत्यातून ओल वर चढते आहे. वरून खाली उतरत असतील तर गच्ची, पन्हळ किंवा बाहेरच्या भिंतीची भेग. मोरीच्या मागच्या बाजूला असतील तर नळाची गळती. वरून पुट्टी मारून रंग दिला तर तीनेक महिन्यांत तेच पुन्हा उगवतं, त्यात पैसे घालू नका.

डाग कोरड्या ब्रशनं घासू नका. बीजाणू साऱ्या घरात उडतील. आधी पाणी फवारून ओले करा, एन ९५ मास्क घाला, साबणाच्या पाण्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. फुगलेला गिलावा खरवडून काढावा लागेल. आईला त्या दिवशी दुसरीकडे ठेवा. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढं घ्या, तिथं हवा खेळली पाहिजे.

मग एक छोटं आर्द्रतामापक घ्या, काही शे रुपयांत मिळतं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की माइट आणि बुरशी दोन्ही दबतात. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची बाहेरचीच हवा इतकी ओली असते की खिडक्या उघडून घर सुकत नाही. आईच्या खोलीपुरता डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, किंवा एसी असेल तर त्याचा 'ड्राय' मोड, दार-खिडक्या लावून चालवा. कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. प्युरिफायर यानंतर. दोघांपैकी एकच घेणं परवडत असेल तर डीह्युमिडिफायर.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलर चालू असताना प्युरिफायर लावावा का? (सिडको)

उत्तर : लावून उपयोग नाही. कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो आणि त्यासाठी खिडकी उघडी लागते. तुमचं यंत्र गाळेल त्यापेक्षा जास्त धूळ आत येत राहील. शिवाय गवताच्या ओल्या पॅडवर बुरशी धरते. कूलरच वापरायचा असेल तर पॅड दरवर्षी नवे घाला, टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, रात्री बंद करताना पंप आधी थांबवून पंखा पंधरा मिनिटं चालवा म्हणजे पॅड कोरडे होतात. स्प्लिट एसीचं तसं नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळं प्युरिफायर त्याच्या जोडीला चालतो. एसीची स्वतःची जाळी मात्र जाड धुळीपुरतीच असते, ती पंधरा दिवसांनी धुवा.

प्रश्न : आयनायझर, यूव्ही दिवा, पाण्यातून हवा काढणारं यंत्र, यांत चांगलं काय? (नाशिकरोड)

उत्तर : अ‍ॅलर्जीसाठी तिन्ही नकोत. ओझोन सोडणारं यंत्र दमा असलेल्या घरात आणूच नका, ओझोननं श्वासनलिका चिडते. काही आयनायझरमधूनही थोडा ओझोन निघतो, म्हणून तुमच्या यंत्रात तो असेल तर बटण बंद ठेवा. यूव्हीनं जंतू मरतात असं मानलं तरी मेलेला परागकण तितक्याच शिंका आणतो. पाण्याचं यंत्र खोलीत ओल वाढवतं आणि माइट पोसतं.

प्रश्न : घरासमोरचा रस्ता खोदलेला आहे. फिल्टर सहा महिन्यांत काळा पडला. धुऊन वापरला तर चालेल? अर्ध्या किमतीत डुप्लिकेट मिळतो, तो घ्यावा का? (द्वारका)

उत्तर : हेपा फिल्टरला पाणी लावू नका. त्याचे तंतू चिकटून त्यांतली रचना मोडते. दिसायला स्वच्छ होतो आणि कण आरपार जातात. आपटूनही झटकू नका. धुवायची ती पुढची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर. धुळीच्या भागात दर दहा-पंधरा दिवसांनी व्हॅक्यूमनं ओढा किंवा पाण्यानं धुवा आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवा. ओली जाळी बसवली तर हेपावर बुरशी येते आणि यंत्रच कुबट वास फेकू लागतं.

रस्त्याची धूळ जाड असते, ती जाळीवरच थांबायला हवी. तरी हेपा सहा महिन्यांत भरला असेल तर खिडक्या उघड्या ठेवून यंत्र चालत असणार. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९मध्ये सुरू झाला, त्यातल्या हवेचं मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. तेव्हा बाहेरच्या हवेवर फार भरवसा ठेवू नका. पहाटे आणि सायंकाळी, थंडीत तर हमखास, रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवा. हवा यायला हवी तेव्हा दुपारी मागच्या बाजूची खिडकी उघडा. सिंहस्थाची कामं संपेपर्यंत रस्त्याकडच्या खिडक्यांच्या फटींना फोमची चिकटपट्टी लावणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

फिल्टर बदलायची वेळ निव्वळ रंगावरून ठरवू नका. वरच्या वेगावर यंत्राच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरा. नवा फिल्टर असताना जितकी उडायची तितकी उडत नसेल तर फिल्टर तुंबला. डुप्लिकेटचा धोका निव्वळ कागदात नाही, कडेतही आहे. मूळ फिल्टरच्या चौकटीला रबराची किंवा फोमची पट्टी असते. ती नसेल किंवा माप दोन मिलिमीटरनं कमी असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते. दोन्ही हातांत घेऊन ताडून पाहा, बसवल्यावर कडेला बोटानं हवा जाणवते का तपासा. चौकट घट्ट बसली आणि एच १३ लिहिलेलं असलं तर घ्या.

प्रश्न : सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ धूप आणि उदबत्ती लावतात. मला लगेच खोकला येतो. त्यांना दुखवायचं नाही. देवघराजवळ प्युरिफायर ठेवला तर? (कॉलेज रोड)

उत्तर : देवघराजवळ नको. धुराचा चिकट भाग फिल्टर लवकर तुंबवतो. स्वयंपाकघरातही याच कारणानं यंत्र ठेवत नाहीत. तिथं एक्झॉस्ट पंखाच हवा. तुमच्या झोपायच्या खोलीत ठेवा आणि पूजेच्या वेळी त्या खोलीचं दार लावून घ्या.

सासूबाईंशी बोलताना पूजा कमी करा असं म्हणायची वेळ येऊ नये. साजूक तुपाचं निरांजन, वात आखूड ठेवली की धूर अगदी कमी करतं. धूप आणि उदबत्ती तुळशीपाशी, बाल्कनीत लावता येईल, किंवा लावल्यावर खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू. त्यांच्या स्वतःच्या छातीलाही ते बरं, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल. डासांची कॉईल मात्र घरातून काढाच. तिच्यातून निघणारे बारीक कण वजनानं पाऊणशेहून जास्त सिगारेटींइतके भरू शकतात. मच्छरदाणी लावा.

प्रश्न : आमचं घर द्राक्षबागेला लागून आहे. छाटणीनंतर फवारणी सुरू झाली की मुलांना खोकला, डोळ्यांची आग. कोणतं यंत्र घ्यावं? (दिंडोरी)

उत्तर : औषधाचे थेंब आणि भुरी या द्राक्षांवरच्या रोगासाठी मारलेली गंधकाची भुकटी हेपात अडकते; वाफ आणि वास अडकत नाहीत. त्यांना कार्बन लागतो, आणि तो वजनानं मोजायचा. बऱ्याच यंत्रांत काळ्या स्पंजावर कार्बनचा हात फिरवलेला असतो, तो आठवड्यात संपतो. दाणेदार कार्बन भरलेली जाड चौकट असलेलं यंत्र पाहा, किलोच्या आसपास कार्बन असेल तर उत्तम. वास पुन्हा येऊ लागला की कार्बन भरला. नंतर तोच कार्बन धरलेला वास परत सोडतो, तेव्हा बदलायला उशीर करू नका.

पण आधी बाकीचं. फवारणीचा ब्लोअर कधी फिरणार हे आदल्या दिवशी कळलं पाहिजे. शेजारच्या बागेवाल्यांनाही तसं सांगून ठेवा. त्या वेळी आणि नंतर काही तास घराच्या बागेकडच्या खिडक्या बंद, बाहेरचे वाळत घातलेले कपडे आत. फवारणी करून आलेल्या माणसानं बाहेरच्या नळावर हात-पाय धुऊन कपडे तिथंच काढावेत, ते घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. औषधांचे डबे घरात किंवा ओसरीवर नकोत. आणि शिंका-खोकल्यापलीकडे मळमळ, गरगरणं, घाम, धूसर दिसणं असं काही झालं तर ती अ‍ॅलर्जी नाही, विषबाधा असू शकते. औषधाच्या डब्यावरचं नाव घेऊन लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : कांदाचाळीत साठवलेला कांदा निवडताना काळी पूड उडते, रात्री छाती भरते. घरात प्युरिफायर लावू का? (लासलगाव)

उत्तर : ती पूड म्हणजे कांद्याच्या सालीवर वाढणाऱ्या काळ्या बुरशीचे बीजाणू. ती चाळीत छातीत जाते, घरात लावलेलं यंत्र तिथं पोचत नाही. निवडताना एन ९५ मास्क, नाकाची पट्टी दाबून, दाढी असेल तर तो नीट बसत नाही हे ध्यानात घेऊन. उपरणं किंवा ओढणी गुंडाळल्यानं बारीक कण थांबत नाहीत. वाऱ्याकडे पाठ करून बसा, म्हणजे पूड पुढं जाईल. सडका आणि काजळी धरलेला कांदा रोजच्या रोज बाहेर काढा. घरी येताच कपडे बाहेर काढून आंघोळ, डोक्यावरूनही. छाती भरून येणं आठवड्यात दोन-तीनदा होत असेल किंवा शीळ वाजल्यासारखा आवाज येत असेल तर फुप्फुसांची तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी इनहेलर दिला असेल तर यंत्र आणल्यावर तो स्वतःच्या मनानं बंद करू नका.